लग्नाविना सहजीवन: फ्लॅट, पेन्शन आणि पश्चात उरणारे प्रश्न

आपला प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे इतरांनाही उत्तराचा संदर्भ लागेल. आपण ५७ वर्षांच्या विधवा असून पुण्यात गेली सहा वर्षे एका ६४ वर्षांच्या विधुर गृहस्थांसोबत, त्यांच्या फ्लॅटमध्ये, लग्न न करता राहत आहात. आपले पती केंद्र सरकारच्या नोकरीत होते आणि त्यांच्या पश्चात आपल्याला कुटुंब निवृत्तिवेतन मिळते. पुनर्विवाह केल्यास ते बंद होईल म्हणून आपण लग्न केलेले नाही. आपली एक विवाहित मुलगी आहे, त्या गृहस्थांना दोन मुलगे आहेत. चार वर्षांपूर्वी फ्लॅटच्या दुरुस्तीसाठी आपण स्वतःच्या खात्यातून ९ लाख रुपये दिले. त्यांनी सोसायटीत आपले नाव नॉमिनी म्हणून लावले आहे, आणि आता स्वतःच्या पैशातून तळेगावला एक लहान फ्लॅट आपल्या नावावर घेण्याचा त्यांचा विचार आहे. पाच वर्षे एकत्र राहिल्यावर पत्नीचे सगळे हक्क आपोआप मिळतात, हे खरे का, आणि त्यांच्या पश्चात आपले काय, असे आपण विचारले आहे.

पाच वर्षांची गोष्ट खरी नाही. असा कोणताही आकडा भारतातल्या कोणत्याही कायद्यात लिहिलेला नाही. २००८ साली महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळाने, पुरेसा काळ पत्नीप्रमाणे राहिलेल्या स्त्रीलाही पोटगीच्या तरतुदीत पत्नी मानावे असा प्रस्ताव मंजूर केला होता आणि त्याच्या बातम्या खूप गाजल्या. तो प्रस्ताव कायद्यात उतरला नाही, पण बातमी लोकांच्या डोक्यात राहिली, आणि मग कुणी तिला दोन वर्षे जोडली तर कुणी पाच. उत्तराखंडात जानेवारी २०२५ पासून अशा संबंधांची नोंदणी सक्तीची झाली आहे. महाराष्ट्रात तशी नोंदणी नाही, त्यामुळे ‘रजिस्टर करून देतो’ म्हणून कुणी पैसे मागत असेल तर त्याला दारातूनच परत पाठवावे.

माझ्या वकिलीत अशी प्रकरणे बरीच आली, आणि त्यांतून एक गोष्ट मला स्पष्ट दिसते: आपल्या स्थितीतल्या स्त्रीला कायदा भांडणात बऱ्यापैकी साथ देतो, मरणात मात्र जवळजवळ देत नाही. लोक नेमके याच्या उलट समजून चालतात. ‘त्यांनी मला घराबाहेर काढले तर’ याची त्यांना धास्ती असते, आणि ‘ते गेल्यावर त्यांची मुले सांभाळून घेतील’ याची खात्री असते.

भांडणाच्या बाजूने पाहू. कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण करणारा २००५ चा कायदा ‘विवाहसदृश संबंध’ मान्य करतो. असा संबंध कोणता, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१० च्या वेलुसामी निकालात सांगितले: दोघे समाजात पतिपत्नीसारखे वावरत असावेत, कायदेशीर वयाचे असावेत, एकमेकांशी लग्न करण्यास मोकळे असावेत आणि स्वेच्छेने बराच काळ एकत्र राहिलेले असावेत. २०१३ च्या इंद्रा सरमा निकालात घरखर्च एकत्र चालवणे, घरकामाची वाटणी, मुले, नातेवाइकांमधला वावर अशा आणखी कसोट्या आल्या. त्या प्रकरणात पुरुष आधीच विवाहित होता आणि स्त्रीला ते माहीत होते, म्हणून अनेक वर्षांचा सहवास असूनही तिला या कायद्याचा आधार मिळाला नाही. आपण दोघेही मोकळे आहात, हा आपल्या बाजूचा फार मोठा मुद्दा आहे. उद्या काही बिनसले, तर फ्लॅट त्यांच्या एकट्याच्या मालकीचा असला तरी आपल्याला तेथून कायदेशीर मार्गाशिवाय बाहेर काढता येणार नाही. दंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करून निवासाचा, खर्चाचा आणि भरपाईचा आदेश मागता येतो, आणि निकालापूर्वी अंतरिम आदेशही मिळू शकतो. पोटगीच्या सर्वसाधारण तरतुदीत, म्हणजे पूर्वीच्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १२५ आणि आताच्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १४४ मध्ये, ‘पत्नी’ या शब्दावरून वाद होतो. पण २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या तीन न्यायमूर्तींच्या पीठाने सांगितले की, कायदेशीर पत्नी नसलेल्या स्त्रीलाही २००५ च्या कायद्याखाली निर्वाहखर्च मागता येतो. हा कायदा स्त्रीसाठी आहे. आपल्या जोडीदाराला आपल्याविरुद्ध असा अर्ज करता येणार नाही.

आता पश्चातचा प्रश्न. १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्यात वारसांच्या कोणत्याही वर्गात सहजीवनातल्या जोडीदाराला जागा नाही. मृत्युपत्र न करता ते गेले, तर त्यांचे सर्व काही दोन मुलांचे. येथे कुणीतरी आपल्याला सांगेल की, दीर्घ सहवासावरून लग्न झाल्याचे गृहीत धरले जाते. तसे तत्त्व आहे; १९७८ च्या एका निकालात सुमारे पन्नास वर्षे पतिपत्नी म्हणून राहिलेल्या जोडप्याच्या बाबतीत न्यायालयाने ते ठामपणे लावले. मात्र हे गृहीतक पुराव्याने खोडून काढता येते, आणि आपल्या बाबतीत तो पुरावा आपल्याच सहीचा आहे. निवृत्तिवेतन कार्यालयाला ‘मी पुनर्विवाह केलेला नाही’ असे आपण लिहून दिलेले आहे. एकीकडे ते लिहून देऊन दुसरीकडे न्यायालयात ‘मला पत्नी माना’ म्हणणे टिकणार नाही, आणि समजा टिकलेच, तर इतक्या वर्षांच्या निवृत्तिवेतनाची वसुली आपल्या दारात उभी राहील. तेव्हा ‘पत्नीसारखे हक्क’ हा शब्दप्रयोग आपण मनातूनच काढून टाकावा. आपली वाट वेगळी आहे: जे हवे ते आपल्या नावाने, कागदावर आणि जोडीदार म्हणून मिळवायचे.

याच संदर्भात आणखी एक सल्ला आपल्या कानावर आला असेल, की देवळात हार घालावेत, सप्तपदी करावी आणि फक्त नोंदणी करू नये, म्हणजे धर्मही झाला आणि पेन्शनही राहिली. हा सल्ला घातक आहे. हिंदू विवाह विधींनी होतो, दाखल्याने नव्हे. एप्रिल २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने, विधी न करता नुसता दाखला घेतल्याने हिंदू विवाह होत नाही, असे सांगितले ते याच तत्त्वावर. म्हणजे विधी केलेत तर नोंदणी नसतानाही लग्न झाले, आणि त्यानंतर घेतलेला निवृत्तिवेतनाचा प्रत्येक हप्ता खोट्या माहितीवर घेतलेला ठरतो. केंद्राच्या नियमांत निपुत्रिक विधवेला उत्पन्नाच्या अटीवर सवलत आहे. आपल्याला मुलगी असल्याने ती लागू नाही.

फ्लॅटविषयी बोलण्यापूर्वी एक काम करा. दुय्यम निबंधक कार्यालयातून फ्लॅटच्या खरेदीची इंडेक्स टू (नोंदणीचा उतारा) काढा आणि सोसायटीच्या शेअर सर्टिफिकेटवरची नावे पाहा. हे मी मुद्दाम सांगतो, कारण त्यांच्या वयाच्या बऱ्याच जणांनी फ्लॅट दिवंगत पत्नीसह दोघांच्या नावाने घेतलेला असतो आणि पत्नी गेल्यावर सगळा आपलाच झाला असे त्यांना वाटत असते. तसे असेल, तर पत्नीचा निम्मा हिस्सा तिच्या मृत्यूच्या क्षणीच, मृत्युपत्र नसल्यास, पती आणि दोन मुले यांच्यात सारखा वाटला गेला. म्हणजे आज त्यांच्याकडे दोन तृतीयांश आणि प्रत्येक मुलाकडे एक षष्ठांश. अशा फ्लॅटच्या बाबतीत ते आपल्याला फक्त स्वतःच्या दोन तृतीयांशातून काही देऊ शकतात, आणि मुले उद्या वाटप मागू शकतात. मुलांशी संबंध चांगले असतील तर त्यांच्याकडून वडिलांच्या नावे नोंदणीकृत हक्कसोडपत्र करून घेण्याची वेळ आत्ताच आहे. वडील गेल्यावर ही गोष्ट कुणी ऐकून घेत नाही. फ्लॅट वडिलोपार्जित वाड्याच्या पुनर्विकासातून मिळालेला असेल, तर तो मुळात त्यांचा एकट्याचा आहे का, हाही वेगळा तपास करावा लागेल.

सोसायटीतल्या नॉमिनेशनवर फार भरवसा ठेवू नका. नॉमिनी हा मालक नसतो. महाराष्ट्र सहकारी संस्था कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने गृहनिर्माण संस्थांसाठी स्वतंत्र प्रकरण आले. त्यानुसार सभासदाच्या मृत्यूनंतर नॉमिनीला तात्पुरता सभासद म्हणून घेतले जाते आणि मालकी वारसांची किंवा मृत्युपत्रानुसार ज्याची ठरेल त्याची. सहयोगी सभासद करून घेण्याचा मार्गही आपल्याला बंद आहे, कारण त्या व्याख्येत पती, पत्नी, आईवडील, भावंडे, मुले, जावई, सून, भाचे-पुतणे अशी नात्यांची यादी आहे आणि जोडीदार त्यात नाही. बँकेतील ठेवी आणि शेअर यांनाही हाच नियम लागतो. डिसेंबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने, मुंबई उच्च न्यायालयातून गेलेल्या एका प्रकरणात, शेअरचा नॉमिनी मालक होत नाही असे स्पष्ट केले. विम्यात आईवडील, पती किंवा पत्नी आणि मुले नॉमिनी असतील तर रक्कम खरोखर त्यांची होते. लग्नाविना जोडीदाराला ते संरक्षण नाही. नॉमिनेशन निरुपयोगी आहे असे मी म्हणत नाही. पैसे वेळेवर हातात येतात, आणि वाद लागलाच तर तो आपल्या घरात बसून लढता येतो. १ नोव्हेंबर २०२५ पासून बँक ठेवींना चार नॉमिनी ठेवता येतात, त्यामुळे मुलांना पूर्ण वगळल्याचा राग न येऊ देता आपले नाव घालता येते. फक्त त्याच्या मागे मृत्युपत्र हवे.

मृत्युपत्र हाच आपल्या प्रकरणाचा कणा आहे. बक्षीसपत्राचा विचार अनेकांच्या डोक्यात आधी येतो, कारण ते हयातीतच पक्के होते. पण आपल्या नात्यात ते महागात पडते. महाराष्ट्रात पती, पत्नी, मुले, नातवंडे यांना राहते घर बक्षीस दिले तर नाममात्र २०० रुपये मुद्रांक शुल्क लागते, ते आपल्याला लागू नाही. पूर्ण दराने भरावे लागेल. त्याहून जड म्हणजे आयकर. आयकर कायद्यातील ‘नातेवाईक’ या व्याख्येत सहजीवनातला जोडीदार बसत नाही, आणि नातेवाईक नसलेल्याकडून वर्षात ५०,००० रुपयांहून अधिक मिळाले, तर वरची नव्हे, सगळीच रक्कम मिळणाऱ्याचे उत्पन्न धरली जाते. घराचा त्यांचा हिस्सा ६० लाखांचा असेल आणि तो त्यांनी बक्षीस दिला, तर त्या वर्षी आपले उत्पन्न ६० लाखांनी वाढले असे आयकर खाते समजेल. मृत्युपत्राने तोच हिस्सा मिळाला तर त्यावर कर नाही. या एका फरकासाठी मी कित्येक जोडप्यांची तयार बक्षीसपत्रे फाडून टाकायला लावली आहेत.

मृत्युपत्रात पूर्ण मालकी द्यावी की हयातभर राहण्याचा हक्क, हा त्यांचा निर्णय आहे. माझा अनुभव असा, की मुले असतील तेथे हयातीचा हक्क अधिक टिकतो, कारण मुलांना शेवटी घर आपलेच येणार हे दिसते आणि ती वाट पाहायला तयार होतात. पण असा हक्क लिहिताना दोन ओळीत आटोपू नये. देखभाल शुल्क आणि मालमत्ता कर कोण भरणार, आपण तीन महिने मुलीकडे राहिलात तर हक्क जातो का, खोली भाड्याने देता येते का, आणि पुण्यात तर हमखास विचारावा असा प्रश्न, इमारत पुनर्विकासाला गेली तर बिल्डरकडून मिळणारे भाडे कोणाचे आणि नव्या फ्लॅटमध्ये आपला हक्क चालू राहतो का, हे सगळे लिहावे. माझ्याकडे आलेल्या एका प्रकरणात ‘तिला या घरात राहू द्यावे’ इतकेच लिहिले होते. ‘हे घर’ पाडले गेले आणि वाद सुरू झाला.

मृत्युपत्रावर दोन साक्षीदारांच्या सह्या लागतात. नोंदणी सक्तीची नाही, पण मी ती करायलाच सांगतो, आणि त्याच दिवसाचे डॉक्टरांचे प्रमाणपत्र जोडायला सांगतो. त्या कामात आपण कुठेही दिसू नये: वकील आपण शोधलेला नसावा, साक्षीदार आपल्या माहेरचे नसावेत, आणि सही होताना आपण त्या खोलीत नसावे. लाभ मिळणाऱ्या व्यक्तीने पुढाकार घेतला की न्यायालयाला संशय येतो आणि तो दूर करण्याचा भार आपल्यावर येतो. मुलांना काय दिले आहे आणि आपल्याला हा हक्क का देत आहेत, हे त्यांनी आपल्या शब्दांत दोन-तीन वाक्यांत लिहावे. मृत्युपत्र केव्हाही बदलता येते हे मात्र आपण गृहीत धरूनच चालले पाहिजे.

(आपण दोघेही हिंदू आहात असे धरून मी हे लिहिले आहे. मुस्लिम व्यक्तीला वारसांच्या संमतीशिवाय एक तृतीयांशाहून अधिक मालमत्ता मृत्युपत्राने देता येत नाही. गोव्याचे अधिवासी असतील तर निम्मी मालमत्ता सक्तीच्या वारसांसाठी राखीव राहते, आणि २०१९ च्या निकालानुसार ते बंधन त्यांच्या गोव्याबाहेरच्या, म्हणजे मुंबई-पुण्यातल्या मालमत्तेलाही लागते.)

नऊ लाखांच्या बाबतीत आपल्याला तातडी आहे, किंबहुना थोडा उशीर झाला आहे. ती रक्कम उसनी होती की भेट, हे आपण दोघेच जाणता आणि कागद खरेच बोलला पाहिजे. उसनी असेल, तर वसुलीची मुदत तीन वर्षांची आणि ती उलटून गेली आहे. त्यावर उपाय आहे: भारतीय करार कायद्याच्या कलम २५ प्रमाणे मुदतबाह्य कर्ज फेडण्याचे लेखी, सही केलेले वचन वैध असते. त्यांनी आज तसे लिहून दिले, तर नवी मुदत सुरू होईल आणि ते गेल्यावरही मुलांना वारशाने मिळालेल्या मालमत्तेतून ते देणे लागेल. ‘देईन’ असे स्पष्ट वचन हवे. ‘तिने पैसे दिले होते’ एवढी कबुली पुरणार नाही. ठेकेदाराला दिलेल्या धनादेशांचे बँक उतारे सोबत जपून ठेवा.

तळेगावच्या फ्लॅटविषयी माझे मत स्पष्ट आहे: जसा विचार चालला आहे तसा तो घेऊ नये. पैसे एकाचे आणि नाव दुसऱ्याचे, अशा व्यवहाराला बेनामी कायद्यातून पत्नीच्या आणि मुलांच्या नावे केलेल्या खरेदीपुरती सूट आहे, जोडीदाराला नाही. फ्लॅट खरोखर आपल्यालाच द्यायचा असेल तर तो बेनामी ठरत नाही, पण मग ती भेट झाली आणि पूर्ण रकमेवर आपल्याला कर आला. उलट तो त्यांच्याच फायद्यासाठी, फक्त आपल्या नावावर असेल, तर तो जप्त होऊ शकतो आणि त्यांना न्यायालयात तो परतही मागता येत नाही. म्हणजे एका बाजूला कर आणि दुसऱ्या बाजूला जप्ती. त्याऐवजी दोघांच्या नावाने घ्यावा, करारातच हिस्से लिहावेत, आपण घातलेल्या पैशाइतका आपला हिस्सा ठेवावा, आणि उरलेला त्यांचा हिस्सा त्यांनी मृत्युपत्राने आपल्याला द्यावा. दोघे खरेदीदार असल्याने सोसायटीत आपण संयुक्त सभासद व्हाल, आणि हे पद कुणाच्या मर्जीवर अवलंबून नसते. तेथे तुमच्या नात्याबद्दल कुणाला काही सांगावेही लागणार नाही.

रुग्णालयाचा प्रश्न आपण विचारला नाही, पण या वयात तो आधी येतो. शस्त्रक्रियेच्या संमतीपत्रावर ‘नाते’ असा रकाना असतो आणि तेथे अडवणूक होते. मुखत्यारपत्राने हे सुटेल असे समजू नका. देणाऱ्याची शुद्ध हरपली की आपले साधे मुखत्यारपत्र निष्प्रभ होते. मानसिक आरोग्यसेवा कायदा २०१७ मात्र कोणत्याही सज्ञान व्यक्तीला प्रतिनिधी नेमण्याची मुभा देतो. डिमेन्शियाच्या भीतीने ग्रासलेल्या जोडप्यांना मी ते नामनिर्देशन आवर्जून करायला सांगतो. अखेरच्या आजारातील उपचारांविषयीचे वैद्यकीय इच्छापत्र २०२३ पासून नोटरीसमोर दोन साक्षीदारांसह करता येते. दोघांनीही ते करावे आणि मुलांना त्याच्या प्रती द्याव्यात.

लग्न करूनच टाकावे का, याचा हिशेबही एकदा कागदावर मांडा. लग्न केल्यास आपण मुलांच्या बरोबरीच्या वारस व्हाल, बक्षीस करमुक्त होईल, मुद्रांक नाममात्र होईल. जाईल ते निवृत्तिवेतन आणि त्याला जोडलेली वैद्यकीय सुविधा. त्यांना स्वतःला पेन्शन नसेल तर त्यांच्या पश्चात दरमहा येणारा एकही रुपया आपल्याला उरणार नाही, आणि म्हणून आपल्या जागी मी असतो तर आज निवृत्तिवेतन सोडले नसते. पतीकडून वारशाने आलेली मालमत्ता मात्र लग्न केले किंवा न केले तरी आपलीच राहते.

आणि मृत्युपत्र आपणही करावे. आपण आधी गेलात तर आपल्या ठेवी, दागिने आणि ते नऊ लाख वसूल करण्याचा हक्क मुलीकडे जाईल, आणि ज्या घरात आपण राहत होतात तेथे तिला ते नऊ लाख मागायला यावे लागेल. तसे व्हायला नको असेल, तर त्यांच्याकडून ती रक्कम मागू नये असे आपल्या मृत्युपत्रात लिहा. मागावी असे वाटत असेल तर तेही लिहा, आणि मुलीला आजच सांगून ठेवा.